पाचशे नकोत, आधी पन्नास करा

या वेळचं पत्र तासगावहून आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही. थोडं कापून देते:

‘ताई, नमस्कार. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मीही तिथंच बसतो. मी घरगुती टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवलाय. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), दहा अँपिअरचा निळा रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि टाकीत पाण्याची पातळी ओळखणारे स्टीलचे तीन प्रोब. टाकी खाली झाली की मोटर सुरू, भरली की बंद. मोटर किती मिनिटं चालली तेही दाखवतो. चाळीसेक पीस ओळखीपाळखीत विकले. दुकानातल्या टेबलावर एकदम ओके चालतो, पण लोकांच्या घरी बसवला की तक्रारी सुरू. काही मध्येच हँग होतात. काहींचा रिले चिकटतो आणि टाकी वाहत राहते. अडीच-तीन महिन्यांनी काही पीस सेटिंगच विसरतात. प्रोबवर थर बसतो. आता जळगावचे एक डीलर उन्हाळ्याआधी पाचशे पीस मागतायत. त्यांना मोबाइल अ‍ॅप पाहिजे आणि भावही कमी पाहिजे. त्यांच्या ओळखीचे एक जण म्हणतात, एसएमपीएस मॉड्यूल (5 व्होल्ट देणारा तयार पॉवर सप्लाय) काढून कपॅसिटर ड्रॉपर टाका, पिसामागे साठ-सत्तर रुपये वाचतील. वडील म्हणतात, चालू धंदा सोडून हे कशाला. मुद्रा लोन काढून पाचशेचा माल भरू का?’

साठ-सत्तर रुपयांचं आधी बोलते, कारण त्यात माणूस मरू शकतो.

कपॅसिटर ड्रॉपर, म्हणजे मेन्सचं व्होल्टेज नुसत्या कपॅसिटरवर उतरवणारा स्वस्त पॉवर सप्लाय, तसा वाईट नाही. चारही बाजूंनी बंद असलेल्या नाइट लॅम्पमध्ये तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. पण त्यात मेन्स आणि तुमचं सर्किट यांच्यात आडपडदा काहीच नसतो. 230 व्होल्टची एक तार थेट तुमच्या 5 व्होल्टच्या ग्राउंडला जोडलेली असते. तुमच्या कंट्रोलरमध्ये ते ग्राउंड प्रोबच्या वायरमधून टाकीच्या पाण्यात जातं, आणि पाणी बाथरूमच्या नळापर्यंत. ती तार न्यूट्रल असेल तोवर कोणाला काही जाणवणार नाही. वायरमननं फेज-न्यूट्रल उलटे जोडले, किंवा खांबावर न्यूट्रल तुटला, की ओल्या हातानं नळ सोडणाऱ्या बाईला शॉक. आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) वाचवेल म्हणाल, तर तुमच्या चाळीस गिऱ्हाइकांपैकी किती घरांत ती बसवलेली आहे ते एकदा मोजून या.

तेव्हा जो कोणी हे सुचवतोय त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. ज्या वस्तूची वायर पाण्यात जाते तिचा पॉवर सप्लाय आयसोलेटेडच, म्हणजे मेन्सपासून पूर्ण तुटलेला, पाहिजे. आत्ता वापरताय तसली एसएमपीएस मॉड्यूल साधारण 3000 व्होल्टचं आयसोलेशन देतात. मात्र डेटाशीटवर तसं छापलेलं हवं, आणि ती खरी हवीत. शिवाय आयसोलेशन मॉड्यूलमध्ये असलं म्हणून बोर्डात असतंच असं नाही. तुमचा एखादा पीस उघडून रिलेच्या खाली बघा. मेन्सचा ट्रॅक आणि कॉइलचा ट्रॅक यांच्यात किती अंतर सोडलंय? दोन-अडीच मिलिमीटर असेल तर बोर्ड पुन्हा काढा. निदान 6 ते 8 मिलिमीटर ठेवा, आणि रिलेखाली पीसीबीत आरपार खाच मारा. धूळ आणि पावसाळ्यातली ओल दोन ट्रॅकमध्ये साचली की वीज पृष्ठभागावरून सरपटत जाते. खाच असली तर तिचा रस्ता लांबतो.

आता रिले. ‘दहा अँपिअरचा आहे, मोटर तर सहाच घेते’ असा हिशेब तुम्ही केला असणार. रिलेवर छापलेले दहा अँपिअर हे हीटरसारख्या सरळ लोडसाठी असतात. 1 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना पाच-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट ओढते. रिले मोटर सुरू करतो तेव्हा त्याचे काँटॅक्ट, म्हणजे स्विचची दोन टोकं, एकमेकांवर आपटून एक-दोनदा उसळतात. ते उसळणं नेमकं त्या तीस-चाळीस अँपिअरच्या वेळीच होतं, ठिणगीनं टोकावरचा धातू वितळतो आणि जिथल्या तिथं थिजतो. झालं वेल्डिंग. मग तुमचा प्रोग्राम कितीही ‘बंद’ म्हणाला तरी मोटर बंद होणार नाही. परत आलेला एक रिले ब्लेडनं कापून उघडा, काँटॅक्टवर काळा खड्डा आणि शेजारी धातूचा बारीक थेंब दिसेल.

उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हे आणखी वाढतं. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, आणि तो सुरुवातीचा करंट क्षणभराऐवजी चालूच राहतो. म्हणून दोन बदल करा. एक, बोर्डावरच्या छोट्या रिलेनं मोटर थेट चालवू नका. त्याच्याकडून काँटॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा मोठा दणकट रिले, चालवा, आणि काँटॅक्टर घेताना एसी-3 रेटिंग बघा, एसी-1 नाही. एसी-3 म्हणजे मोटरसाठी मोजलेला आकडा, एसी-1 हीटरसारख्या सरळ लोडसाठी. दुकानदार तुम्हाला मोठा आकडा दाखवील, तो बहुतेक एसी-1चा असतो. दुसरं, व्होल्टेज मोजा, आणि ठरावीक मर्यादेच्या खाली असेल तर मोटर सुरूच करू नका.

इथं तुमच्या वडिलांचं नाव घेते. त्यांच्याकडे रोज जळालेल्या मोटरी येतात. कुठली ड्राय रननं (पाण्याविना चालून) गेली, कुठली लो व्होल्टेजनं, कुठलीचा स्टार्टिंग कपॅसिटर गेला होता, कुठलीचं बेअरिंग जाम होतं, हे ते वाइंडिंगचा रंग आणि वास बघून सांगत असतील. त्यांच्यासमोर वही घेऊन बसा आणि गेल्या सीझनच्या मोटरी कशानं गेल्या ते लिहून काढा. तुमच्या कंट्रोलरनं काय काय ओळखायला पाहिजे याची इतकी चांगली यादी मोठ्या कंपनीलाही पैसे मोजून मिळणार नाही. माझा अंदाज, ड्राय रन त्यात बरीच वर असेल. पाणी संपलं की मोटरचा लोड उतरतो आणि करंट कमी होतो. करंट ट्रान्सफॉर्मर लावून तो मोजलात तर बोअरमध्ये वेगळा प्रोब सोडावा लागत नाही. हे तुमच्या अ‍ॅपपेक्षा जास्त विकलं जाईल.

हँग होण्याचं कारणही काँटॅक्टमध्येच आहे. मोटर किंवा काँटॅक्टरची कॉइल तोडली की तिच्यात साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला बघते. काँटॅक्टमध्ये आर्क होतो, हजारो व्होल्टचे अतिशय बारीक काटे उठतात आणि वायरिंगमधून, हवेतून तुमच्या नॅनोत शिरतात. टेबलावर तुम्ही मोटरऐवजी बल्ब लावून टेस्ट केलं असणार. बल्ब असलं काही करत नाही, म्हणून तिथं सगळं ओके. काँटॅक्टरच्या कॉइलवर हे काटे शोषणारा स्नबर लावा, 100 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडचा एक्स2 (मेन्सवर लावायच्या दर्जाचा) कपॅसिटर सिरीजमध्ये. रिलेच्या काँटॅक्टवर नको, कॉइलवरच. काँटॅक्टवर लावला तर रिले उघडा असतानाही त्यातून सातेक मिलिअँपिअर झिरपत राहतात आणि पॅनेलवरचा निऑन बंद मोटरलाही मिणमिणतो. मग गिऱ्हाईक फोन करतं. प्रोबच्या वायरी मोटरच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका, आणि बोर्डावर त्या जिथं येतात तिथंच रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर द्या.

मग वॉचडॉग. प्रोग्राम अडकला तर चिपनं स्वतःला रिसेट करायची सोय नॅनोवरच्या एटीमेगा328पी चिपमध्ये आयती आहे, फक्त चालू करावी लागते. करताना जपून, कारण जुन्या बूटलोडरच्या (चिप सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) नॅनोमध्ये वॉचडॉग लावला की बोर्ड रिसेटच्या चक्रातच अडकतो. खरं तर विकायच्या वस्तूत नॅनो बोर्ड ठेवायचाच कशाला? चिप थेट तुमच्या पीसीबीवर घ्या, बूटलोडर काढून टाका, आणि ब्राउनआउटची पातळी, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली चिप स्वतःला थांबवते ती, 4.3 व्होल्टवर ठेवा. नॅनोत ती 2.7 असते. 16 मेगाहर्ट्झला ही चिप साधारण पावणेचार व्होल्टच्या खाली भरवशाची नाही. म्हणजे लाइट जाताना 3.8 ते 2.7च्या दरम्यान ती जागी असते, पण शुद्धीवर नसते. त्या अवस्थेत ईईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) भलतंच काहीतरी लिहून ठेवते.

ईईप्रॉमवरून तुमचं अडीच-तीन महिन्यांचं कोडं आठवलं. पत्रासोबत प्रोग्राम पाठवलात ते बरं केलंत. मोटर चालो वा न चालो, तुम्ही दर मिनिटाला मिनिटांचा आकडा ईईप्रॉममध्ये त्याच एका जागी लिहिताय. या चिपच्या ईईप्रॉमची हमी एका जागेला 1 लाख लेखनांची आहे. 1 लाख मिनिटं म्हणजे 69 दिवस आणि काही तास. त्यापुढचे तीनेक आठवडे ती आपली भलाईच करत होती. आणि सेटिंगचा चेकसमसुद्धा (सेटिंग शाबूत आहे का ते पडताळायचा आकडा) त्याच वेळी, त्याच्या शेजारी लिहिताय. तो बिघडला की प्रोग्राम सगळं पुसून मूळ सेटिंगवर येतो. आकडा फक्त मोटर थांबल्यावर लिहा, दरवेळी पुढच्या जागेत लिहा, आणि सेटिंग वेगळं ठेवून त्याच्या दोन प्रती ठेवा. तासाभराचं काम आहे. पण ते केलं नसतं तर पाचशेपैकी झाडून सगळे पीस साधारण एकाच पंधरवड्यात परत येऊ लागले असते. सुटा बिघाड एकेक करून येतो. डिझाइनमधली चूक वरातीसारखी सगळी एकदमच दारात येते.

प्रोबवरचा थर म्हणजे सरळ इलेक्ट्रोलिसिस. तुम्ही चोवीस तास डीसी देताय, एक प्रोब झिजतोय आणि दुसऱ्यावर बोअरच्या पाण्यातले क्षार चढतायत. मोजायचं तेव्हाच काही मिलिसेकंद व्होल्टेज द्या आणि दर वेळी दिशा उलटी करा. दोन पिनांचं काम आहे. प्रोबला 316 ग्रेडचं स्टील वापरा.

जळगावचं ऊन मात्र प्रोग्राममध्ये सुटत नाही. मे महिन्यात सावलीत 45 अंश, आणि तुमचा डबा टेरेसवर उन्हात. आत 65 अंश सहज होतात. स्वस्त इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ‘105 अंश’ लिहिलेलं असतं, ते वाचून आपण निश्चिंत होतो. त्याचं आयुष्य मात्र 105 अंशाला 2000 तास एवढंच असतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. 65 अंशाला म्हणजे चार वेळा दुप्पट, 32,000 तास, पावणेचार वर्षांच्या आत-बाहेर. आणि हा कपॅसिटर स्वतः गरम होत नाही असं धरून. दोन रुपये जास्त देऊन 5000 तासांचा घ्या. तयार मॉड्यूलच्या आत कुठला आहे ते तर दिसतही नाही, म्हणून मॉड्यूल एका चांगल्या कंपनीचं ठरवा आणि तेच धरून राहा.

डब्याची डाय (साचा) बनवण्याच्या नादी आत्ता लागू नका, लाखांची गोष्ट आहे, आणि बोर्डाचा आकार अजून दोनदा तरी बदलणार. बाजारात तयार आयपी65 (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारे) पॉलिकार्बोनेटचे डबे मिळतात. साधा एबीएस उन्हात पिवळा पडून तडकतो. वायरसाठी भोक खालच्या बाजूनंच पाडा आणि ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. वरून भोक पाडलं की आयपी65 तिथंच संपलं. ग्लँड सैल राहिला तर आधी मुंग्या जातात, मुंग्यांमागून पाल जाते, आणि ती नेमकी मेन्सच्या दोन टर्मिनलवर आडवी पडते. हसू नका, परत आलेल्या डब्यांत हे बघाल. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या लेपाचा, हात फिरवा.

न्यूट्रल तुटल्याचा विषय वर निघाला होता. तेव्हा एखाद्या घराला 230 ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज मिळू शकतं. एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) विजेच्या कडकडाटातला क्षणभराचा झटका पचवतो, मिनिटभर टिकणारे चारशे व्होल्ट तो पचवत नाही, तापून पेट घेतो. म्हणून त्याच्या आधी फ्यूज हवाच, आणि डब्याचं प्लास्टिक पेट न धरणारं, व्ही-0 दर्जाचं.

लाइट आल्यावर मोटर लगेच सुरू होते का तुमची? गावभरातले ऑटो एकाच क्षणी मोटरी सुरू करतात आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) बसते, म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा म्हणून दरवर्षी विनवत असतं. तुम्ही एक ते पाच मिनिटांत कुठेही पडेल असा उशीर ठेवा, प्रत्येक डब्याचा वेगळा. डीलरला हे सांगून विकायलाही बरं.

अ‍ॅप. डीलर मागतायत, कारण शेजारच्या दुकानातल्या खोक्यावर वायफायचं चित्र आहे. पहिल्या मालात ते घालू नका असं मी ठाम सांगते. वायफाय आलं की दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची (वायरलेस शाखेची) मंजुरी आली, सर्व्हर आला, राउटर बदलल्यावर पासवर्ड विसरलेल्या गिऱ्हाइकाचे फोन आले. मोबाइलची नवी आवृत्ती आली की अ‍ॅप बदला. ईएसपी32सारखी चिप वायफायवर बोलताना एकदम काहीशे मिलिअँपिअर ओढते, म्हणजे पॉवर सप्लायही पुन्हा बघायचा. आणि टेरेसवरच्या टाकीजवळ घरातलं वायफाय पोचतं का, हे कोणी विचारत नाही. हवं तर बोर्डावर चार पिनांची जागा रिकामी सोडा, पुढं बघू.

डीलरच्या घाईबद्दल एक जुनं उदाहरण. 2016 मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोट 7च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या, कंपनीनं 25 लाख फोन माघारी बोलावले आणि घाईनं दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घालून बदलून दिले. तेही पेटले, आणि ऑक्टोबरमध्ये फोनच बंद करावा लागला. जानेवारी 2017 मध्ये कंपनीनं कारणं जाहीर केली तेव्हा ती वेगवेगळी निघाली. पहिल्या बॅटरीत कोपऱ्यात जागा कमी पडून इलेक्ट्रोड दबत होता, दुसरीत वेल्डिंगची टोकं राहिली होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर रिलेचा मेक बदलला की तो कंट्रोलर नवाच धरायचा, सगळी टेस्ट पुन्हा. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत सुटा माल घेऊन नमुना बनवायला हरकत नाही, पण पन्नासच्या वरचा माल अधिकृत वितरकाकडून, बिलावर. सुट्या मालात एकाच नावाचे दोन रिले आतून वेगळे निघतात.

टेस्टिंगला दुकानच पुरेल, सुरुवातीला तरी. खिळ्यासारख्या स्प्रिंगच्या पिना लावून एक जिग बनवा. बोर्ड दाबला की अर्ध्या मिनिटात हिरवा नाहीतर लाल दिवा. दहा पीस खऱ्या मोटरवर, बल्बवर नाही, दिवसरात्र चालू-बंद करत ठेवा. घरगुती मोटर दिवसात चार वेळा सुरू झाली तरी तीन वर्षांत चार हजारांच्या वर होतात, तेवढे तरी झालेच पाहिजेत. व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावून 130 ते 300 व्होल्ट फिरवा. एक पीस पत्र्याच्या पेटीत घालून बल्बनं तापवा. यात पास झालेला नमुना मगच अंधेरीच्या ईआरटीएलसारख्या प्रयोगशाळेत बर्स्ट आणि सर्ज टेस्टला, म्हणजे लाइनवरचे झटके सोसतो का ते बघायला, न्या. तिथं तासाचे पैसे मोजावे लागतात, घरी पकडता येणाऱ्या चुका तिथं पकडू नयेत. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या यादीत ही वस्तू येते का ते लेखी विचारा, यादी बदलत असते. खोक्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर छापणं वजनमाप कायद्यानं बंधनकारक आहे.

आता लोन. आज काढू नका. पत्राच्या कापलेल्या भागात तुम्ही एका पिसाच्या खर्चाचे 640 रुपये मांडलेत, त्यांत काँटॅक्टर नाही, चांगला डबा नाही, टेस्टिंगचा वेळ नाही आणि वॉरंटी नाही. जळगावहून एक पीस परत आला की दोन्ही बाजूंचं कुरिअर, तुमचा अर्धा दिवस आणि डीलरची बोलणी, यात चार-पाच पिसांचा नफा जातो. हे सगळं धरून भाव काढा. तो डीलरना परवडला नाही तर हा माल त्यांचा नव्हेच.

डीलरना असं सांगा: या उन्हाळ्यात पन्नास पीस, अ‍ॅप नाही, ड्राय रन आणि लो व्होल्टेज आहे, एक वर्षाची वॉरंटी. अर्धे पैसे आगाऊ. पाचशेची ऑर्डर पावसाळा संपल्यावर, या पन्नासचा हिशेब समोर ठेवून. प्रत्येक डब्यावर नंबर टाका, आणि कुठल्या घरी, कुठल्या एचपीच्या मोटरवर बसला याची नोंद डीलरकडून नाही, स्वतः ठेवा. नाही म्हणाले तर दुकान चालूच आहे, आणि सांगली-मिरजेत पन्नास टाक्या सापडतील. हो म्हणाले तर पहिले पंधरा-वीस पीस बसवायला जळगावला स्वतः जा. जमलं तर वडिलांना घेऊन जा, आणि मे महिन्यातच जा.